हॅट काढण्याचा प्रसंग

माझे हात पियानोवर चालूच राहिले आणि पडद्यावरचं चित्र पुढे निघून गेलं.

दुपारची वेळ होती, ऑर्किड थिएटर रिकामं होतं. बर्डेटसाहेबांनी काढलेला सिनेमा दक्षिणेतली गावं पालथी घालून त्याच सकाळी शिकागोला परतला होता आणि संध्याकाळी पुन्हा आमच्याकडे लागणार होता. मूकपटाला पियानो वाजवणाऱ्या बाईने आधी एकदा रिकाम्या थिएटरात चित्राबरोबर हात फिरवून घ्यावा, नाहीतर पडद्यावर घोडे दौडतात आणि बाई अंगाई वाजवत बसते. मी नियमाने हात फिरवत असे. तिसऱ्या रिळात कापसाचा मळेवाला शाळेच्या दारात येतो, तिथे मी आमच्या चर्चमधली एक जुनी, संथ चाल धरायची. तशी धरली. मळेवाला आला, डोक्यावर हॅट तशीच. आणि पापणी लवते न लवते तोच तो दाराबाहेर पडताना दिसला, हॅट हातात. मधलं सगळं गायब. माझी चाल अर्धीसुद्धा झाली नव्हती.

मी वर मशीनवाल्याला ओरडून विचारलं की बाबा, काय गाळलंस. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याने काही गाळलं नव्हतं, फीतच तेवढी होती, आणि त्या जागी कापून जोडल्याची खूण होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण त्या संध्याकाळी कोण यायचं होतं ते मला ठाऊक होतं.

तो मधला तुकडा म्हणजे लुविनिया गॅस्किनचा प्रसंग. लुविनिया त्यात शाळामास्तरीण होती. मळेवाला आत येतो, हॅट न काढता तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकतो आणि उद्यापासून पोरं शाळेत नको, कापसात हवीत म्हणून सांगतो. ती त्याच्याकडे बघते. खूप वेळ बघते. मग तिचे ओठ हलतात आणि पडद्यावर अक्षरं येतात, ‘हॅट काढा. ही शाळा आहे.’ तो इकडेतिकडे बघतो. हात वर जातो. हॅट खाली येते. बस्स, एवढंच.

दक्षिणेत वाढलेल्या कुणालाही यातलं मोठेपण समजावून सांगावं लागत नाही. तिकडे आम्हा काळ्यांच्या बाईसमोर गोरा माणूस हॅट काढत नाही. घरात मढं असलं तरी काढत नाही. आणि तिला मिसेस अमुकतमुक म्हणणं तर सोडाच. तरुणपणी नुसतं नाव, म्हातारपणी ‘आंटी’. कोणाची कोण आंटी, देव जाणे.

लुविनियाला तो प्रसंग कुणी ताटात वाढून दिला नव्हता. मिसिसिपीहून आईबरोबर ती शिकागोला आली आणि एका हॉटेलच्या धोबीखान्यात इस्त्रीला लागली. सिनेमाचं वेड होतं म्हणून बर्डेटसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहायची. बर्डेटसाहेब आमचेच, सिनेमा आमच्याच माणसांसाठी, बघणारेही आम्हीच. पण जाहिरातीत मात्र ‘उजळ वर्णाच्या तरुणी पाहिजेत’. गोऱ्यांनी आम्हाला मागच्या दाराने घ्यायचं आणि आम्ही लुविनियासारख्यांना आमच्याही मागच्या दाराने. लुविनिया भट्टीतल्या कोळशासारखी काळी आणि उंच. तिला मिळायची ती खादाड स्वयंपाकीण, नाहीतर डोळे गरगरा फिरवणारी शेजारीण. नावडतीचं मीठ अळणी. तिने चार वर्षं डोळे फिरवले.

मग या सिनेमाची उजळ नायिका ऐन वेळी डेट्रॉइटच्या एका दातांच्या डॉक्टरशी लग्न करून पसार झाली. शाळेच्या प्रसंगासाठी एका चर्चचं तळघर मोजक्या दिवसांपुरतं मिळालं होतं, त्यामुळे साहेबांचा नाइलाज झाला. त्यांनी लुविनियाला उभं केलं आणि तोंडाला पावडरचे दोन हात दिले. ती राखेत लोळल्यासारखी दिसायला लागली. तिने आरशात बघितलं, मोरीवर जाऊन खसाखसा तोंड धुतलं आणि येऊन म्हणाली, “साहेब, पांढरं बघायचं असेल तर भिंत आहे की.”

त्यांच्या लिहिलेल्या गोष्टीत मास्तरीण मळेवाल्याच्या पाया पडत होती, बरं का. हॅटबिट काही नव्हतं. कॅमेरा सुरू झाला. बर्डेटसाहेब बाजूने ओरडत होते, खाली बस, हात जोड, रड. लुविनिया खाली बसली नाही. ती बघत राहिली आणि तिच्या तोंडून ते वाक्य आलं. मळेवाला झाला होता रॅन्सम ओव्हरबी. तो आमचाच, पोस्टात टपाल वेगळं करायचा, पण रंगाने गोऱ्याहून गोरा, म्हणून आमच्या प्रत्येक सिनेमात दुष्ट गोरा तोच. रॅन्समने मला नंतर सांगितलं, “बर्नीस, तिनं असं बघितलं की मला वाटलं मी खरंच मळेवाला आहे आणि मला लाज वाटतेय. हात आपोआप वर गेला.”

साहेबांनी हातातला कर्णा आपटला. पण पुन्हा चित्र घ्यायला फीत उरली नव्हती. मग त्यांनी मुकाट्याने गोष्ट बदलली.

सिनेमा पहिल्यांदा आमच्याकडे लागला तेव्हा त्या प्रसंगाला बाकांवरची सगळी माणसं पुढे झुकली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागून एक म्हातारा म्हणाला, “पुन्हा दाखवा ते.” त्याबरोबर सगळेच म्हणायला लागले. मशीनवाल्याने रीळ मागे फिरवलं आणि पुन्हा दाखवलं. मीही ती चाल पुन्हा वाजवली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

हे सगळं बघायला लुविनियाची आई तेवढी नव्हती. मिसेस टेम्पी गॅस्किन एका दुकानाच्या गाळ्यात भरणाऱ्या चर्चला जायच्या, आणि त्या चर्चच्या मते थिएटर म्हणजे सैतानाची बैठकीची खोली. लेक सिनेमात काम करते हे त्या चर्चमध्ये सांगतही नसत. लुविनियाने वर्षभर विनवण्या केल्या. मग चर्चमधल्याच कुणा बाईच्या भाचीने तो प्रसंग बघितला आणि गोष्ट आईच्या कानावर गेली. एकदा मी त्यांच्याकडे मक्याची भाकर आणि पालेभाजी खायला बसले होते, तेव्हा इस्त्री करता करता मिसेस गॅस्किननी विषय काढला.

“खरंच काढतो?” त्यांनी विचारलं.

“काढतो, आई.”

“तुझ्यासमोर?”

“माझ्यासमोर.”

त्यांनी एक अख्खा शर्ट इस्त्री केला. कॉलर उलटी करून पुन्हा केली. मग म्हणाल्या, “येईन मी. देवाला काय ते मी समजावीन.”

त्या रात्री लुविनियाने मला जिन्यापर्यंत सोडताना सांगितलं की तिचा बाप गेला तेव्हा प्रेत घरातच होतं, आणि मळ्याचा मालक आत आला होता. हॅट डोक्यावर ठेवूनच तो पेटीच्या कडेला उभा राहिला आणि आता वाट्याची जमीन कोण करणार म्हणून विचारू लागला. आईने त्याला बसायला खुर्ची पुसून दिली. लुविनिया तेव्हा लहान होती. ती त्या हॅटकडे बघत राहिली होती. तळघरात कॅमेऱ्यासमोर तिने जे बघितलं ते तेव्हाचंच बघणं होतं, पाठ केलेलं नव्हतं.

आता सांगा, मी दुपारी त्या पियानोवर शांत कशी बसणार?

बर्डेटसाहेब बाहेर भिंतीवर लुविनियाचं मोठं चित्र लावून घेत होते. मी त्यांना गाठलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. दक्षिणेतल्या एका राज्यात सिनेमे तपासणारं गोऱ्यांचं मंडळ बसलं होतं, त्यांनी कापायला लावलं. कापलेला तुकडा ते ठेवून घेतात, परत देत नाहीत. दुसरी प्रत नव्हती आणि मूळ फीत लॅबोरेटरीला आग लागली त्यात खाक झालेली. मी विचारलं, शेवटची मारामारी? ती ठेवली. आमच्या माणसाच्या अंगावर कुत्री सोडतात ते? तेही ठेवलं. शाळा जाळतात ते? ठेवलं. म्हणजे आम्ही मेलो, जळलो, कुत्र्यांनी आम्हाला फाडलं तर मंडळाची काही हरकत नाही. एका माणसाने डोक्यावरची हॅट हातात घेतली, त्याने मात्र राज्य बुडत होतं. आणि गंमत बघा, ती हॅट काढणारा माणूससुद्धा गोरा नव्हता. त्यांना तेही कळलं नाही. कळलं असतं तर रॅन्समलाच कापलं असतं.

लुविनिया पाच वाजता आली, हातावर निळा झगा टाकून. सिनेमा संपला की नायिकेने नटून रंगमंचावर यायचं आणि लोकांना दर्शन द्यायचं अशी आमच्याकडे पद्धत होती. झगा नायिकेने स्वतःचा आणायचा. तिने तो स्वतः शिवला होता. मी तिला सांगितलं. ती झगा खुंटीला नीट अडकवून सरळ साहेबांकडे गेली.

“मला का नाही सांगितलंत?” तिने विचारलं.

साहेब म्हणाले, सांगून काय झालं असतं. कापलं नसतं तर सिनेमाच बंद झाला असता. “चाळीस गावांत तुझा चेहरा दिसला, पोरी. तुझ्या रंगाची नायिका त्या लोकांनी जन्मात बघितली नव्हती.”

“चेहरा दिसला. मी केलं काय, ते नाही दिसलं,” लुविनिया म्हणाली. “आणि मी आईला बोलावलंय.”

साहेबांनी हॅट काढून डोकं पुसलं. वाईट माणूस नव्हता तो. एकट्याने डबे खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचा, गोऱ्यांच्या हॉटेलात जागा मिळत नाही म्हणून स्टेशनात झोपायचा. पण मला त्याचा राग आला तो आला. अजून येतो.

लुविनियाला वाटत होतं की आईला दारातूनच परत न्यावं. पण मिसेस गॅस्किन आल्या त्या पांढऱ्याशुभ्र, चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका घालतात त्या पोशाखात, आणि बरोबर तसल्याच दोघी. झालरीची एकेक चुणी इस्त्रीने बसवलेली. सैतानाच्या घरात शिरताना त्या तिघींनी एकमेकींचे हात धरले होते. लुविनियाने तोंड उघडलं, तेवढ्यात आईनेच विचारलं, “किती वेळाने येतो गं तो?”

लुविनिया म्हणाली, “तिसऱ्या रिळात.”

त्या बरोबर माझ्या मागच्या रांगेत बसल्या. लुविनिया आईशेजारी बसली. माझी पाठ त्यांच्याकडे होती, पण पियानोवाल्या बाईला पाठीनेही ऐकू येतं. लेक पडद्यावर आली तेव्हा मिसेस गॅस्किननी श्वास आत घेतलेला मी ऐकला. “अगंबाई, केवढी मोठी,” त्या पुटपुटल्या. मग तिसरं रीळ लागलं. मळेवाला आला. मी चाल धरली. मळेवाला दारात होता आणि लगेच दाराबाहेर होता, आणि पुढच्या बाकांवरची माणसं हसली. त्यांना वाटलं, फीत अडकली. विनोद झाला. लुविनियाच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या कामावर लोक खदाखदा हसले.

मी थांबले नाही. पडद्यावर कुत्री सुटली होती, माणसं पळत होती, आणि मी तीच संथ चाल शेवटपर्यंत वाजवली. थिएटरच्या मालकाने दुसऱ्या दिवशी मला झापलं. झापू दे.

“कुठंय?” मागून मिसेस गॅस्किननी विचारलं.

“कापलं, आई.”

“कोणी?”

लुविनियाला सांगता येईना. मिसेस गॅस्किन लहान मुलीसारख्या हळूच म्हणाल्या, “पुन्हा दाखवा म्हण ना. त्या दिवशी दाखवलं होतं म्हणतात.”

सिनेमा संपला. बर्डेटसाहेबांनी रंगमंचावर येऊन लुविनियाचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पुन्हा पुकारलं. ती गेली नाही. निळा झगा आत खुंटीवर लटकत राहिला आणि आम्ही बाजूच्या दाराने बाहेर पडलो.

स्टेट स्ट्रीटवर बर्फाचा राडा झाला होता. पदपथावर रॅन्सम उभा होता. पोस्टातली पाळी संपवून तो नुकताच येत होता, कॉलर वर केलेली, हॅट कानांपर्यंत ओढलेली. कापाकापीची बातमी त्याला लागली होती, चेहरा पडला होता. तो आमच्याकडे दोन पावलं आला.

आणि मिसेस गॅस्किन पदपथावरून खाली उतरल्या. गोरा माणूस समोरून आला की मिसिसिपीत आमची माणसं उतरायची तशा. पांढरा पोशाख, पांढरे बूट, सरळ घोटाभर राड्यात. नजर खाली. एका हाताने लुविनियाची बाही ओढत होत्या, उतर, उतर म्हणून. शिकागोत राहून त्यांना इतकी वर्षं झाली होती. आणि हा तर मघाशी पडद्यावर बघितलेला, शाळा जाळणारा.

लुविनियाचा दिवसभर दाबून धरलेला संताप तिथे फुटला. ती उतरली नाही. तिने रॅन्समकडे बघितलं, तेच बघणं.

“हॅट काढा,” ती म्हणाली. “ही माझी आई आहे.”

दुसरा कुणी असता तर हसला असता, म्हणाला असता, काय गं नाटकं करतेस रस्त्यात. रॅन्सम हसला नाही. त्याने हॅट काढली आणि छातीशी धरली. डोक्यावर बर्फ पडायला लागला.

मिसेस गॅस्किनना आनंद झाला असेल असं वाटतंय ना? छे. “साहेब, पोरगी आजारी आहे,” त्या राड्यातूनच म्हणाल्या. “डोक्यावर परिणाम झालाय तिच्या. तुम्ही मनावर घेऊ नका, साहेब. मी नेते तिला घरी.” आणि लुविनियाला दबक्या आवाजात, “गप्प बस गं, मारून टाकतील तुला.”

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ अपमान बघितले आणि बरेच गिळले. पण त्या म्हातारीला आमच्याच माणसासमोर, आमच्याच गल्लीत असं थरथरताना बघून मला त्या मंडळातल्या प्रत्येकाला तिथे आणून त्या राड्यात उभं करावंसं वाटलं.

रॅन्सम स्वतःच राड्यात उतरला. “मिसेस गॅस्किन,” तो म्हणाला, “मी रॅन्सम. पोस्टात असतो. माझी आई तुमच्याच बाजूची, याझू नदीकाठची.”

तसल्या गोऱ्या चेहऱ्याच्या माणसाने त्यांना मिसेस म्हटल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी हळूहळू मान वर केली. त्याचे कान बघितले, ओठ बघितले, आमच्या म्हाताऱ्या बायका गोतावळा शोधताना बघतात तसं.

“कुणाचा रे तू?”

“लुला ओव्हरबीचा.”

“म्हणजे आपला?”

“आपलाच.”

मिसेस गॅस्किननी मोठा सुस्कारा टाकला. “मग घाल बाबा ती डोक्यावर,” त्या म्हणाल्या. “गारठशील.”

त्याने घातली नाही. त्यांचा हात धरून त्यांना वर घेतलं आणि ट्रामपर्यंत तसाच बोडका आमच्याबरोबर चालला. वाटेत मिसेस गॅस्किननी लेकीला ऐकवलं की रस्त्यात माणसाला असं बोलायचं नसतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, “सिनेमात असंच म्हणालीस?” लुविनिया म्हणाली, असंच. ट्राम येईपर्यंत त्यांनी लेकीचा हात सोडला नाही.

पुढे बोलपट आले. बर्डेटसाहेबांचं दुकान बसलं, माझ्या पियानोवर झाकण पडलं आणि मी त्याच थिएटरच्या खिडकीत तिकिटं विकायला लागले. लुविनिया पश्चिमेकडे गेली. गोऱ्यांच्या बोलणाऱ्या सिनेमात काळ्या, उंच बायका हव्या होत्या म्हणे. हव्या होत्याच. मोलकरीण म्हणून. मोजायचा कंटाळा येईल इतक्या सिनेमांत तिने कामं केली, पात्राला आडनाव एकातही नव्हतं. काम एकच, दार उघडायचं आणि ‘हो बाईसाहेब’ म्हणायचं. चित्राच्या शेवटी नावं येतात त्यांत तिचं नाव शोधूनही सापडायचं नाही. आमच्याकडचे लोक नाक मुरडायचे की बघा, धुणीभांडी करायला एवढ्या लांब गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. शाळामास्तरीण कुठे ठेवली होती तिच्यासाठी कुणी?

त्यातला एक सिनेमा ऑर्किडला लागला तेव्हा मिसेस गॅस्किन म्हणाल्या, मला ने. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते, पडद्यावर त्यांना नुसता उजेड हलताना दिसायचा. मी खिडकी बंद करून त्यांना घेऊन बसले. पलीकडे रॅन्सम बसला.

मोठ्या घराचा दरवाजा होता. काळा झगा, पांढरा एप्रन, लुविनियाने दार उघडलं. एक गोरा गृहस्थ आत आला. तिच्याकडे न बघता त्याने हॅट काढली आणि तिच्या हातात टाकली, पुढे निघून गेला.

मिसेस गॅस्किननी माझा हात चाचपडला.

“आला का गं कुणी?”

“आला.”

“गोरा आहे?”

“खराखुरा गोरा.”

“हॅट काढली त्याने?”

रॅन्समने माझ्याकडे बघितलं.

“काढली,” मी म्हटलं.

“तिच्यासमोर?”

“तिच्या हातात दिली.”

मिसेस गॅस्किन मान डोलावत खुर्चीला टेकल्या. मघापासून ताठ धरलेले त्यांचे खांदे सैल पडले. पडद्यावर लुविनिया ती हॅट हातात घेऊन जरा जास्तच वेळ उभी होती, हॅटकडे बघत. मग तिने ती खुंटीला अडकवली. सिनेमा देशभर फिरून आमच्याकडे आला होता आणि हा प्रसंग कुठल्याही मंडळाने कापला नव्हता.